‘डीएनआर’मध्ये शिरलेला ‘ए’

‘रिससिटेट’ या इंग्रजी क्रियापदाच्या तळाशी लॅटिनमधले एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ हलवणे, बोलावणे. कोर्टात बोलावण्याचे ‘सायटेशन’ही त्याच कुळातले. मागे ‘खालून’ आणि ‘पुन्हा’ अर्थाचे दोन उपसर्ग लागले आणि गेलेल्याला परत हाक मारणारा शब्द तयार झाला. आपल्या ‘पुनरुज्जीवना’त हाक नाही, ‘उद्’ म्हणजे वर येणे आहे. भरवसा मात्र दोन्हींत सारखाच: करायला घेतले की माणूस उठलाच. कचाला उठवणाऱ्या शुक्राचार्यांना तो शोभतो.

छाती न उघडता, बाहेरून दाबून हृदय चालते ठेवण्याची रीत १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९७४ पर्यंत तिथल्याच तज्ज्ञांना सांगावे लागले की ती सगळ्यांसाठी नाही, आणि नको असेल तर तसे केसपेपरवर लिहा. तोच ‘डीएनआर’, म्हणजे ‘डू नॉट रिससिटेट’. पुढे त्यात ‘अटेम्प्ट’चा ‘ए’ घातला गेला, कारण इथे नाकारतो तो प्रयत्न. जीव परत येणे कुणाच्या हातात नव्हतेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही (आयसीएमआर) २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डीएनएआर’च लिहिले.

अँब्युलन्सवाल्यांना व्युत्पत्तीशी कर्तव्य नसते, त्यांना कागद लागतो. फ्लोरिडात हा कागद पिवळा असतो, त्यावर सहसा डॉक्टरची सही असते. तो समोर नसेल तर ते छाती दाबायला घेतात. घरचे ‘नको’ म्हणाले तरी सहसा आधी दाबणे, मग फोनवर डॉक्टरला विचारणे. छातीवर हा नकार गोंदवून घेतला तर? मायामीत अशा बेशुद्ध रुग्णापुढे डॉक्टर अडखळले. त्याचा रीतसर कागद नंतर सापडला. त्यांची शंका अगदीच वावगी नव्हती. आणखी एकाने ‘डीएनआर’ ही अक्षरे पोकरची पैज हरल्यामुळे गोंदवली होती, आणि त्याला जगायचे होते!

आपल्याकडे जीव टिकवणारे उपचार नाकारण्याची मुभा देणाऱ्या २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला सर्रास ‘इच्छामरण’ म्हटले गेले. मला तो शब्द इथे खटकतो. इच्छामरण भीष्मांचे, त्यांनी उत्तरायण निवडले. इथे कुणी वेळ निवडत नाही. शिवाय ‘डीएनएआर’ लिहिले म्हणून ऑक्सिजन किंवा वेदनाशामक औषध बंद होत नाही. २०२३ पासून उपचारांविषयीचे इच्छापत्र नोटरीपुढेही करता येते. त्यात मराठीत लिहायचेच, तर ‘पुनरुज्जीवन करू नये’पेक्षा मी ‘हृदय थांबल्यास छाती दाबू नये, शॉक देऊ नये, श्वासासाठी नळी घालू नये’ असे लिहीन.