एडिटिंगचा कॉम्प्युटर कसा सांभाळायचा? धूळ, उष्णता, हार्डडिस्क आणि बॅकअप : संपूर्ण माहिती

मोबाईलवर रील एडिट करता करता तुमच्यापैकी बरेच जण आता कॉम्प्युटरवर एडिटिंग करायला लागले असतील. कोणता प्रोसेसर घ्यावा, कोणतं ग्राफिक कार्ड चांगलं, याची माहिती सगळीकडे मिळते. पण घेतलेला कॉम्प्युटर पाच-सहा वर्षं नीट चालवायचा कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

मी उरण तालुक्यातल्या जासई गावात राहतो आणि हळदी-लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गावाजवळून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस धावत असतात. सगळीकडे बांधकामं, भरावाचे डंपर आणि वरून खाडीची खारी हवा. सकाळी टेबल पुसलं की संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. म्हणजे कॉम्प्युटर इथे टिकला तर कुठेही टिकेल!

माझं काय चुकलं?

जासई म्हटलं की १९८४ चं शेतकरी आंदोलन आठवतं. दि. बा. पाटील याच गावचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि ५ जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्याच लढ्यातून आली. त्या आंदोलनात असलेल्या, ओळखीतल्या एका आजोबांची मी फोनवर ५२ मिनिटांची मुलाखत शूट केली होती.

फाईल कॉम्प्युटरच्या जुन्या हार्डडिस्कवर टाकली. दुसऱ्या दिवशी हळदीची ऑर्डर होती आणि फोनचं स्टोरेज फुल झालं होतं, म्हणून फोनमधून डिलीट केली. वर शहाणपणा करून ‘रिसेंटली डिलीटेड’ पण रिकामं केलं. हार्डडिस्क महिनाभर टकटक आवाज करत होती, तिकडे मी लक्ष दिलं नाही. कॅबिनेट तर तीन वर्षांत उघडलंच नव्हतं.

एक्सपोर्टला लावलं आणि ७० टक्क्यांवर कॉम्प्युटर धाडकन बंद. परत चालू केला, परत बंद. असं तीनदा झालं. चौथ्यांदा चालू झाला तेव्हा हार्डडिस्क दिसतच नव्हती. डेटा रिकव्हरीवाल्याने काही आठवड्यांनी १९ मिनिटं काढून दिली, ३३ मिनिटं गेली. परत शूट करू म्हटलं, पण तोवर आजोबा गेले होते.

यात तीन चुका होत्या : गरम झालेला कॉम्प्युटर, मरायला टेकलेली हार्डडिस्क आणि नसलेला बॅकअप. आता एकेक करून बघू.

१. धूळ : कॉम्प्युटर बंद का पडतो?

प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. पट्ट्यांमधून हवा गेली की उष्णता बाहेर पडते. धूळ साचली की त्या पट्ट्यांवर गोधडीसारखा थर बसतो आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा आत जात नाही. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तरीही तापमान वाढलं तर कॉम्प्युटर बंद होतो. फोनवर गेम खेळताना तो तापतो आणि अडकायला लागतो, तसाच हा प्रकार.

रील स्क्रोल करताना हे कळत नाही. एक्सपोर्ट करताना मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड तासभर पूर्ण ताकदीने चालतात, म्हणून घोळ नेमका तेव्हाच होतो.

साफ कसं करायचं?

- कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. आत उरलेली वीज निघून जाते.
- कॅबिनेट गॅलरीत किंवा ओटीवर न्या. तोंडाला रुमाल बांधा. घरात उडवलेली धूळ परत आतच जाऊन बसते.
- आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते.
- इलेक्ट्रिक ब्लोअर कमी वेगावर, थोडा लांब धरून वापरा. त्याआधी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.
- कोपऱ्यातली धूळ मऊ ब्रशने काढा. ओलं फडकं फक्त बाहेरच्या पत्र्याला.
- घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याच्या नळीवर स्टॅटिक वीज तयार होते.
- एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, कधीही खोलू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते. त्याला बाहेरूनच हवा मारा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, सगळ्यात जास्त धूळ तिथेच असते. टेबलावर किंवा निदान फूटभर उंच स्टुलावर ठेवा. हवा आत ओढणाऱ्या पंख्यांसमोर जाळीचा फिल्टर लावा आणि तो दर पंधरा दिवसांनी झटका. आणि चालू कॉम्प्युटरवर आईने शिवलेलं कव्हर घालू नका, कितीही छान असलं तरी!

२. तापमान बघायची सवय लावा

‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते चालू ठेवून दहा मिनिटांचा एक्सपोर्ट लावा आणि सगळ्यात जास्त तापमान किती गेलं ते वहीत लिहा. डेस्कटॉपवर ७० ते ८५ अंश असेल तर काळजी नाही. सतत ९० च्या वर जात असेल तर साफसफाईची वेळ झाली. लॅपटॉपचे आकडे थोडे जास्त असतात.

साफ करूनही तापमान उतरत नसेल तर थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली ही पेस्ट उष्णता वाहून नेते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि वाटाण्याएवढी नवी लावायची. पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराला सोबत घ्या. माझ्याकडे सफाई आणि नवीन पेस्ट झाल्यावर तोच एक्सपोर्ट ९८ वरून ७९ अंशांवर आला.

३. खारी हवा आणि पावसाळा

उरण, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, कुठल्याही किनाऱ्यावरच्या मित्रांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा. खारट धुळीचा थर हवेतली ओल धरून ठेवतो आणि धातूच्या जोडांवर गंज चढतो. जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर महिनोन् महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-एक तास चालवा, आतली ऊब ओल घालवते. रॅम सैल वाटली किंवा डिस्प्ले येत नसेल तर ती काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसा, पूर्ण सुकू द्या आणि परत बसवा.

मेमरी कार्ड, लेन्स आणि पेनड्राइव्ह हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कॅबिनेटच्या मागची उघडी भोकं जाळीने बंद करा. पाल आणि मुंग्यांना उबदार जागा फार आवडते.

४. वीज : यूपीएस किती मोठा घ्यायचा?

एक्सपोर्ट चालू असताना वीज गेली तर नुसता व्हिडिओ अर्धवट राहत नाही, प्रोजेक्टची फाईलही बिघडू शकते. बरेच जण ६०० व्हीएचा यूपीएस घेतात. पण तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो, आणि ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर रेंडर करताना त्याहून जास्त ओढू शकतो. मग वीज गेली की यूपीएसही टुंकन आवाज करून बंद! म्हणून १००० व्हीएच्या पुढचा घ्या. यूपीएस काम करत बसण्यासाठी नसतो, तो सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी असतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

५. हार्डडिस्क बोलत असते, ऐका

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा उघडा. ते डिस्कची तब्येत दाखवतं. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब झाल्याने बाजूला काढलेल्या जागा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचता न येणाऱ्या, संशयित जागा. हे आकडे वाढायला लागले की त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. डिस्क दुरुस्त करायच्या नादी लागू नका. टकटक आवाज आला तर ताबडतोब बंद करा, कारण प्रत्येक वेळी चालू केल्यावर नुकसान वाढतं. मी ती तीन वेळा चालू केली होती.

एसएसडी मात्र न बोलता जाते, आवाज वगैरे काही नाही. तिच्यावर १५-२० टक्के जागा नेहमी मोकळी ठेवा, भरलेली एसएसडी हळू होते. तिला डिफ्रॅगमेंट करायची गरज नसते.

६. सॉफ्टवेअरची साफसफाई

- कॅशे : प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्ह प्रिव्ह्यूसाठी तात्पुरत्या फाईल्स बनवतात. काही महिन्यांत त्या शेकडो जीबी खातात. प्रोजेक्ट ग्राहकाला दिल्यावर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधूनच कॅशे साफ करा.
- अपडेट : प्रोजेक्ट अर्धवट असताना सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर अपडेट करू नका. दोन कामांच्या मधल्या दिवसात करा. एनव्हिडिया कार्ड असेल तर गेम रेडी ऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या.
- विंडोज : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालत असेल तर विंडोज ११ वर जा.
- क्रॅक सॉफ्टवेअर : नकोच. क्रॅक चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दरवाजा उघडून चोराला चहा विचारायचा. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरून उरते.
- फोनचं फुटेज : फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने शूट करतो, त्यामुळे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. ‘हँडब्रेक’मधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या. कॉम्प्युटर अडकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या फाईल्स बनवून एडिट करा.

७. बॅकअप : ३-२-१ चा नियम

हा नियम फोटोग्राफर पीटर क्रॉग यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. फाईलच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. माझ्याकडे पहिली प्रत कॉम्प्युटरच्या एसएसडीवर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि तिसरी पनवेलला मावशीच्या कपाटात. जे परत शूट होणारच नाही, ते क्लाउडवरही टाकतो.

आता एक हिशोब बघा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ साधारण १७० एमबी प्रति मिनिट जागा घेतो. ५२ मिनिटं म्हणजे ९ जीबीसुद्धा नाही. गुगलच्या फुकट १५ जीबीमध्ये आजोबांची अख्खी मुलाखत बसली असती. एका रात्रीच्या वायफायचा प्रश्न होता.

म्हणून माझा आता एकच नियम आहे : दोन ठिकाणी प्रत उघडून, सुरुवात-मध्य-शेवट चालवून बघितल्याशिवाय फोन किंवा कार्डवरून काहीही डिलीट करायचं नाही. नुसतं फाईलचं नाव दिसलं म्हणजे फाईल आली असं नसतं.

वेळापत्रक (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

- रोज : काम संपल्यावर बॅकअप, कॉम्प्युटर नीट शटडाऊन.
- १५ दिवसांनी : धुळीचा फिल्टर साफ.
- महिन्याने : डिस्कची तब्येत, एक्सपोर्टचं तापमान, कॅशे.
- ३ महिन्यांनी : कॅबिनेट उघडून ब्लोअर. रस्त्यापासून लांब राहत असाल तर ६ महिन्यांनी.
- वर्षाने : यूपीएसची बॅटरी तपासा, बॅकअपच्या डिस्कवरून एखादी जुनी फाईल उघडून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मी फक्त मोबाईलवर एडिट करतो, मला याचा काय उपयोग?*
नियम तेच आहेत. एक्सपोर्ट करताना फोनचं कव्हर काढा, चार्जिंगला लावू नका, थोडं स्टोरेज मोकळं ठेवा आणि बॅकअप घ्या.

*दुकानात साफ करून घेतलं तर?*
चालेल, पण समोर बसून करून घ्या आणि त्याआधी बॅकअप घ्या.

*कमी पैशात आधी काय घेऊ?*
बॅकअपसाठी हार्डडिस्क. मग यूपीएस, मग ब्लोअर. नवीन ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी.

मित्रांनो, वाचलेली ती १९ मिनिटं मी आजोबांच्या घरच्यांना दिली. नातवाने विचारलं, “पुढचं कुठंय?” त्याला काय सांगणार? कॉम्प्युटर नवा घेता येतो, हळदीवाल्यांची माफी मागता येते, पण काही माणसं एकदाच बोलतात. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचा एखादा व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये नक्की असेल. हा लेख बंद केल्यावर पहिलं काम करा : त्याची दुसरी प्रत काढा. कॅबिनेट रविवारी उघडलं तरी चालेल.