‘किरण नाहीत’ म्हणजे नेमकं काय नाही? : भाजण्याचा एक छोटा इतिहास

मागच्या वेळी आपण क्ष-किरणांच्या शोधाबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, आता एमआरआय आला आहे, त्यात किरणोत्सार नाही, म्हणजे तो प्रश्न सुटलाच ना?’ त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आजचं व्याख्यान आहे. मी वैद्यक शिकलेलो नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयाशी माझा थोडा कातडीचा संबंध आहे. तो आधी सांगतो, म्हणजे माझा पूर्वग्रह तुम्हाला कळेल.

काही वर्षांपूर्वी कंबरेच्या दुखण्यासाठी माझा एमआरआय झाला. उजवा हात मांडीला टेकलेला होता. मध्येच अंगठ्याजवळ चटका बसल्यासारखं वाटलं. हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला. तंत्रज्ञ मुलगा ध्वनिवर्धकावरून म्हणाला, ‘काका, हलू नका, थोडंच राहिलंय.’ बाहेर पंधरा माणसं ताटकळत बसली होती, त्यालाही घाई होती. मी दात आवळून पडून राहिलो. संध्याकाळी मांडीवर रुपयाएवढा फोड आला, अंगठ्याच्या बुडाशीही एक आला. दुसऱ्या दिवशी दाखवायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘एमआरआयने भाजत नाही, त्यात किरण नसतात.’ मला मधुमेह आहे, त्यावर बोट ठेवलं गेलं. फोड बरे झाले. मांडीवरचा तेवढा भाग मात्र आजही बधिर आहे.

दुखलं त्याचं फारसं काही नाही. ‘किरण नसतात, म्हणून भाजत नाही’ हे अनुमान मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तर्कशास्त्राच्या मास्तरला हेत्वाभास पचत नाही.

आता १८९५ सालात जाऊ. नोव्हेंबरात रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांत त्याने बायकोच्या हाताचं चित्र काढलं. पुढच्या वर्षभरात ही नळी युरोप-अमेरिकेत प्रयोगशाळांपासून जत्रेपर्यंत पोहोचली. आणि १८९६ मध्येच तक्रारी सुरू झाल्या : कातडी लाल होते, केस गळतात, जखमा भरत नाहीत. तेव्हाच्या विद्वानांनी काय म्हणावं? कुणी म्हणे, नळीभोवतीच्या विजेमुळे. निकोला टेस्लासारख्या मोठ्या माणसानेही ओझोन वायूकडे बोट दाखवलं. कुणी म्हणे, त्या माणसाची कातडीच नाजूक. कारण न दिसणारा, न जाणवणारा प्रकाश कातडी कशी जाळेल?

एलिहू थॉमसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सरळ मार्ग धरला. त्याने स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी रोज थोडा वेळ नळीसमोर धरली. काही दिवसांनी ती सुजली, फोडांनी भरली. बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रोलिन्स याने १९०१ मध्ये गिनीपिगांना विजेचा स्पर्शही होणार नाही अशा पेटीत ठेवून क्ष-किरण दिले, तरी ते मेले. म्हणजे वीज निर्दोष होती आणि किरण दोषी होते. तोवर एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली एक हात भाजला तर दुसरा हात नळीखाली धरत होता. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. हॅम्बुर्गला १९३६ मध्ये अशा बळी गेलेल्यांचं स्मारक उभारलं, त्यावर सुरुवातीला १६९ नावं कोरली होती. भाजणं आणि भाजल्याचं मान्य होणं यांत किती काळ जातो, ते या नावांवरून कळतं.

याच काळात शेजारी दुसरी एक गोष्ट घडत होती. फ्रान्समध्ये द’आर्सोनव्हाल १८९० च्या दशकात दाखवत होता, की अतिशय वेगाने दिशा बदलणारी वीज शरीरातून गेली तर झटका बसत नाही, पण शरीर तापतं. त्यातूनच पुढे डायथर्मी आली. गुडघा दुखला की आपण भौतिकोपचाराच्या दवाखान्यात मशीनचा ‘शेक’ घेतो ना, तीच. म्हणजे रेडिओ-कंप्रतेच्या विजेने माणूस आतून तापतो, हे ज्ञान एमआरआयच्या कितीतरी आधीचं आहे. त्या ज्ञानावर तर आपण शेक घेत होतो!

आता एमआरआयकडे. १९४६ मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन दाखवलं. त्याबद्दल १९५२ चं नोबेल दोघांना मिळालं. १९७३ मध्ये लॉटरबर यांनी त्यातून चित्र काढण्याची रीत मांडली. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डेमॅडियन यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या धडाचं चित्र टिपलं, त्याला जवळपास पाच तास लागले. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं.

या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ होतं. १९७९ चा थ्री माइल आयलंडचा अपघात लोकांच्या मनात ताजा होता. ऐंशीच्या दशकात तो शब्द हळूच गळला आणि उरलं ‘एमआरआय’. शास्त्रीयदृष्ट्या यात फसवणूक नव्हती, कारण त्या ‘न्यूक्लिअर’चा किरणोत्साराशी संबंधच नव्हता. पण नावातून भीती गेली तशी थोडी सावधगिरीही गेली, असं मला वाटतं.

यंत्र काय करतं ते थोडक्यात बघू. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. त्यात आपल्या शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन-केंद्रक एका शिस्तीत येतात. त्यांना हलवायला रेडिओलहरींचे ठोके द्यावे लागतात, दीड टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झचे, तीन टेस्लाला १२८ चे. या ठोक्यांतली बरीच ऊर्जा अंगात उष्णता होऊन उरते. कंप्रता दुप्पट केली की तीच तपासणी साधारण चौपट तापवते. म्हणून मर्यादा ठरल्या आहेत. नेहमीच्या तपासणीत सर्वांगाची सरासरी दर किलोला दोन वॅटच्या वर जाऊ द्यायची नाही.

पण मंडळी, सरासरी ही फसवी बाई आहे. नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी माणूस डोहात बुडतो. अंगाची सरासरी ठीक असली, तरी हात मांडीला टेकला की हात, खांदा, धड, मांडी असं एक बंद कडं तयार होतं. त्यातून वीज फिरते. जिथे टेकलं तो ठिपका लहान, म्हणून सगळी उष्णता तिथे एकवटते. पोटऱ्या एकमेकींना चिकटल्या तरी तेच. ईसीजीची तार अंगावर गुंडाळी होऊन पडली तरी तेच. औषधाच्या काही पट्ट्यांमागे धातूचा पातळ थर असतो, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता. काही व्यायामाच्या कपड्यांत चांदीचे तंतू असतात, साडीच्या काठात जर असते. आपल्याकडे हमखास होणारा वाद मंगळसूत्राचा : ‘सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग कशाला काढायचं?’ चिकटत नाही हे खरंच, पण सोनं विजेचं उत्तम वाहक आहे. इथे प्रश्न ओढण्याचा नसून तापण्याचा आहे.

एमआरआय-यंत्रांबद्दल जे अपघात अमेरिकेच्या त्याच प्रशासनाकडे नोंदवले जातात, त्यांत भाजण्याच्या तक्रारी सर्वाधिक आहेत. होणाऱ्या तपासण्यांच्या मानाने आकडा लहानच आहे, घाबरून तपासणी टाळू नका. पण ज्यांना गुंगी दिली आहे, ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने वा मणक्याच्या इजेने गेली आहे, त्यांना चटका कळतच नाही. त्यांची जखम खोल जाऊ शकते, कातडी लावावी लागू शकते, बधिरपणा राहू शकतो. माझ्या मधुमेहाकडे बोट दाखवणाऱ्यांनी खरं तर उलट बोलायला हवं होतं : मधुमेह आहे, म्हणून जास्त जपू या.

दुसरा टिकाऊ परिणाम शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचा. गॅडोलिनियम हा धातू मोकळा असेल तर विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात घालून देतात. अमेरिकेत असं पहिलं औषध १९८८ मध्ये मान्य झालं. १९९७ पासून मूत्रपिंडाच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडू लागले. २००० मध्ये हा नवा आजार म्हणून नोंदला गेला. पण त्याचं नातं या औषधाशी आहे, हे ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरने लिहिलं ते २००६ मध्ये. पुढच्याच वर्षी ठळक इशारे छापले गेले, मूत्रपिंडाची तपासणी आधी होऊ लागली, सैल पिंजऱ्याची औषधं मागे पडली आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या धातूचा अंश मेंदूत उरल्याच्या खुणा दिसतात. मूत्रपिंडं चांगली असलेल्यांना त्याने थेट अपाय होतो, असं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरीही युरोपने २०१७ मध्ये सैल पिंजऱ्याच्या बऱ्याच औषधांना स्थगिती दिली.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपले नैयायिक म्हणतात, अभावाला नेहमी प्रतियोगी असतो. नुसतं ‘नाही’ असं काही नसतं, ‘अमुक नाही’ असतं. ‘किरण नाहीत’ यात अभाव आहे तो आयनीकारक किरणोत्साराचा, धोक्याचा नाही. आपल्याकडे क्ष-किरण आणि सीटी ही यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतात. एमआरआय येत नाही, कारण तो किरणोत्सारी नाही. हे बरोबरच आहे, पण त्यावरून ‘लक्ष ठेवण्याजोगं काही नाही’ असं ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं. मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये नातेवाईक म्हणून आलेला तरुण प्राणवायूच्या सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि मेला. त्या खोलीत किरण नव्हते, पण चुंबक होतं.

दुसरा मुद्दा अनुपलब्धीचा. ‘इथे घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही’ हे केव्हा खरं? उजेड असेल, डोळे उघडे असतील, आणि घडा असता तर दिसला असता, तेव्हाच. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. ‘आमच्याकडे कधी कुणी भाजलेलं नाही’ या वाक्याला किंमत केव्हा? तिथे भाजलेल्याची नोंद करायची वही असेल आणि त्याला ‘तुमचा गैरसमज झालाय’ म्हणून परत पाठवत नसतील, तेव्हा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे. तो वापरला तरच दिवा लागेल. माझा फोड कुठेच नोंदला गेला नाही. मीच नोंदवला नाही, ही चूक माझीही.

शेवटी व्यवहाराचं. तपासणीआधी रुग्णालयाचा झगा मागा. अंगावरची पट्टी, दागिने, जरीचं, चांदीच्या धाग्याचं सगळं काढा. हात अंगाला, पाय पायाला टेकू नयेत म्हणून मध्ये गादी ठेवायला सांगा, यंत्राच्या भिंतीला कोपर लागू देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास, शरीरातलं यंत्र, बधिरपणा, सगळं आधी बोला. आणि चटका बसला तर फुगा दाबा, पुन्हा दाबा, थांबवा म्हणा. चित्र परत काढता येतं.

तंत्रज्ञ मंडळी ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगेन. क्ष-किरणांच्या पहिल्या वर्षांत यंत्राजवळ उभे राहून हात गमावणारे तुमचेच पूर्वज होते. आत पडलेला माणूस ‘भाजतंय’ म्हणतो, तेव्हा त्या खोलीत त्या क्षणी त्याचा शब्द हेच एकमेव प्रमाण असतं.

थांबतो. प्रश्न असतील ते विचारा.