विद्यार्थ्याचे छप्पर

उन्हाळा ओसरून नागपुरातल्या शाळा उघडल्या म्हणजे नव्या मुलाला गुरुजी पहिल्यांदा नाव विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न करतात, ‘राहतोस कोठे?’ बहुतेक मुले क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतात. कोणी महाल सांगतो, कोणी इतवारी, कोणी सदर. परंतु प्रत्येक पिढीत काही मुले अशी असतात की, हा साधा प्रश्न येताच त्यांची मान खाली जाते. ह्या मुलांनी शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या प्रश्नाला कोणकोणती उत्तरे दिली आणि ती त्यांना कोणी मिळवून दिली, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहितात तो शाळा-कॉलेजांचा. स्टीफन हिस्लॉप ह्यांनी १८४६ साली नागपुरात शाळा काढली, १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले, १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण भंडाऱ्याकडून किंवा चांद्याकडून जो मुलगा वळकटी काखेत मारून ह्या शहरात उतरला, तो रात्री निजला कोठे आणि जेवला कोणाच्या पानावर, ह्याचा हिशेब त्या इतिहासात सहसा सापडत नाही. वास्तविक शाळेचे दार उघडे असणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी शाळा सुटल्यावर सुरू होते.

जुन्या काळी ह्या अर्ध्या गोष्टीची सोय वार आणि माधुकरी ह्यांनी होत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात दिवसांची सात घरे विद्यार्थी बांधून घेई. सात मिळाली नाहीत तर रिकाम्या वारी उपास घडे, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागावी लागे. यजमानांच्या घरी सुतक आले, मंडळी परगावी गेली, की त्या वाराचे पान बुडाले. निजायला एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप. कित्येक घरांतून ह्या मुलांना पोटच्या मुलासारखे वाढीत आणि कित्येक घरांतून ‘वारकरी आला’ एवढ्याच कोरडेपणाने पान मांडीत. दोन्ही अनुभव घेऊन मुले शिकली, मोठी झाली, आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी आपल्या घरी इतरांना वार दिले. ज्या समाजाने कोणत्याही कायद्यावाचून एवढी व्यवस्था चालविली, त्याला तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि कोणत्याही आश्रयव्यवस्थेचे मोल करताना तिने कोणाला आत घेतले एवढेच पाहून भागत नाही. तिने कोणाला बाहेर ठेवले हेही विचारावे लागते. वार मिळे तो सोवळ्या घरांतून आणि मिळे तो बहुधा त्याच घरांच्या जातीतल्या मुलाला. कुणब्याच्या, तेल्याच्या मुलाला अशी सात घरे कोठून मिळणार? आणि महाराच्या मुलाला तर ओसरीच बंद, मग पान कोठले? शाळेचे दार त्याच्यासाठी कायद्याने उघडले असले तरी शहरात रात्र काढायला जागा नसल्यामुळे ते दार त्याच्या दृष्टीने बंदच होते.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह त्यांनी आधी काढून पाहिले होते. पण त्यात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच राहू लागले. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढे लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबाराने जागा द्यावी, उत्पन्न लावून द्यावे, आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी देणग्या जमवून कारभार पाहावा, अशी ही योजना होती. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणू लागले ते उगीच नव्हे.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतात. आम्हांस तो अगदीच निराधार वाटत नाही. एका छपराखाली एकाच जातीची मुले वाढली तर त्यांना दुसऱ्या जातीचा मुलगा मित्र म्हणून भेटायचा कोठे? पण ज्याला रात्रीच्या निवाऱ्याचीच पंचाईत आहे त्याला ‘सर्व जाती एक होईपर्यंत थांब’ असे सांगणे हाही न्याय नव्हे. महाराजांनी मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तो ह्याच विचाराचा पुढचा भाग होता.

ह्या शाहू महाराजांचा आणि नागपूरचा एक संबंध आपण विसरता कामा नये. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष शाहू महाराज होते आणि तरुण आंबेडकर तिला उपस्थित होते. आपल्या शहरात चोखामेळ्याच्या नावाने वसतिगृह चालत आले, त्याचाही अर्थ ह्या पार्श्वभूमीवर उमगतो. ज्या संताला देवळाच्या पायरीच्या आत येऊ दिले नाही, त्याच्या नावाच्या घरात मुलांनी हक्काने आत यावे, ही कल्पनाच बोलकी आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होता. मुलगा ओसरीवर निजू शकेल. विधवा किंवा अनाथ मुलगी कोठे जाईल? पंडिता रमाबाईंनी हे स्वतः भोगले होते. दुष्काळात आईबाप गमावून त्या भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या होत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात तर त्या आपल्या ह्या मध्यप्रांतात येऊन उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन गेल्या. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्याशी मोठा वाद झाला, लोकांनी मुली काढून घेतल्या. पण वादानंतरही मुलींच्या निवाऱ्याचा प्रश्न शिल्लकच राहिला. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. एका छोट्याशा आश्रमातून केवढे शिक्षणकार्य उभे राहिले हे सर्वश्रुतच आहे.

कोल्हापूरच्या वाटेला पुढे एक वेगळे वळण दिले ते भाऊराव पाटलांनी. विद्यार्थिदशेत ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. जातवार छपराचा तोटा त्यांना असा अंगावर सोसून कळला होता. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्याला नाव मात्र शाहू छत्रपतींचेच दिले. फरक एवढाच की येथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, आणि पाणी आणणे, दळणे, शेतात राबणे ही कामे सर्वांना सारखी असत. १९२७ साली महात्मा गांधींनी हे वसतिगृह पाहिले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. ह्या व्यवस्थेत मुलावर कोणाचे उपकार नव्हते. तो आपल्या भाकरीचे मोल घामाने देत होता. वाराच्या पानावर बसताना जी मान खाली जाई, ती येथे ताठ राहिली.

डॉ. आंबेडकरांचा अनुभव आणखी तीव्र. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून ते १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळेना. पारशी पथिकाश्रमात उतरले, तेथूनही त्यांना हुसकून लावले गेले, आणि एका बागेतील झाडाखाली बसून दुसरा मार्ग न उरल्याने ते मुंबईस परतले. पदवी असूनही छप्पर नाही, हे दुःख सोसलेल्या ह्या माणसाच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढे जी कामे हाती घेतली, त्यांत १९२५ सालचे सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह अगदी सुरुवातीचे होते, ह्यात आम्हांस काहीच नवल वाटत नाही.

आपल्या विदर्भानेही ह्या कामात हात आखडता घेतला नाही. पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून परतल्यावर अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार त्यानंतरचा. गाडगे महाराज वऱ्हाडातलेच. स्वतः मडके आणि चिंध्या ह्यांपलीकडे काही न बाळगणाऱ्या ह्या पुरुषाने धर्मशाळा बांधल्या त्या इतरांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. यात्रेकरूच्या मुक्कामाहून विद्यार्थ्याचा मुक्काम मोठा, हा त्यांचा निवाडा होता.

स्वातंत्र्यानंतर हे काम मुख्यतः सरकारकडे आले. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे निघाली, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा निघाल्या, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी बँकेत रक्कम देणारी स्वाधार योजना राज्याने २०१६-१७ पासून लागू केली. दान गेले आणि हक्क आला, ही प्रगती लहान नव्हे. मात्र त्याबरोबर एक गोष्ट हरवली. लक्ष्मीबाईंना प्रत्येक मुलाचे नाव आणि भूक ठाऊक होती. कार्यालयाला अर्जाचा क्रमांक ठाऊक असतो. अर्ज अपुरा राहिला तर तो परत जातो, आणि त्यामागचा मुलगा कोठे गेला हे पाहण्याचे काम कोणाचेच उरत नाही.

म्हणून जुना प्रश्न पुन्हा विचारू या. आजच्या व्यवस्थेने बाहेर कोण ठेवला? वारासाठी जात लागे, साताऱ्याला श्रम लागत, आज दाखले लागतात. वसतिगृह घर असणाऱ्या मुलासाठी असते; त्याचे गाव असते, तहसील असते, तेथून तो जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला आणतो. पण ज्याचे गावच पालावर आहे, ज्याचे आईबाप वीटभट्टीवर किंवा बांधकामावर सहा महिने येथे आणि सहा महिने तेथे, जो रेल्वेच्या फलाटाजवळ किंवा उड्डाणपुलाखाली निजतो, त्याने पत्ता कोणता लिहावा? २०११ च्या जनगणनेत ज्यांना घरच नाही अशी १७ लाखांहून अधिक माणसे देशात मोजली गेली, आणि त्यांत मुलेही आली.

कायदा अशा मुलाला विसरलेला नाही. २०१० साली अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश पाहणे हे स्थानिक संस्थेचे, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेचे, कर्तव्य आहे. अमेरिकेने तर १९८७ साली बेघर विद्यार्थ्यांसाठी खास कायदा केला. कागद अपुरे असले तरी ताबडतोब प्रवेश, मुक्काम हलला तरी जुनी शाळा सुटू नये म्हणून येण्याजाण्याची सोय, आणि प्रत्येक शाळा-जिल्ह्यात ह्या मुलांकडे पाहणारा एक नेमलेला माणूस, अशी त्याची रचना पुढे होत गेली. त्यातली शेवटची तरतूद आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तीत कार्यालयाऐवजी माणूस आहे. आपल्याकडे ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या साखरशाळा आणि मुलाला गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे ह्याच जातीचे प्रयत्न होत. पण चौदा वर्षांपुढे कायद्याचा हात सुटतो, आणि नववी-दहावीतला मुलगा तेथेच गळतो.

आम्ही कोणती नवी संस्था काढा असे सुचवीत नाही. छप्पर देण्याचे काम सरकारने करावे आणि न केल्यास त्याला जाब विचारावा. परंतु विचारपूस करण्याचे काम सरकारवर सोपवून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. आपल्या घराजवळ इमारतीचे काम चालू असते, तेथे वाळूच्या ढिगावर सात-आठ वर्षांची मुले खेळत असतात. त्यांतले एक मूल जवळच्या पालिकेच्या शाळेत हात धरून नेणे आणि ‘पत्ता नाही, तरी प्रवेश द्यावा लागतो, असा कायदा आहे’ एवढे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगणे, ह्याला ना पैसा लागतो, ना संस्था. आणि एखाद्या वर्गात गुरुजींनी ‘राहतोस कोठे?’ विचारल्यावर मूल गप्प राहिले, तर त्याला पुढचा प्रश्न ‘दाखला कोठे आहे?’ असा न करता ‘सकाळी काही खाल्लेस का?’ असा करावा, एवढी आमची विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ह्या दोन गोष्टी ज्याला करता येतील त्याने त्या कराव्यात.