‘आमच्या घराण्यातच दम नाही’ : हे खरं आहे का?

‘डॉक्टर, जरा धावला की याला धाप लागते. आमच्या घराण्यातच ताकद कमी!’ असं अनेक पालक म्हणतात. तुम्हीही म्हणत असाल, तर थोडा इतिहास वाचा.

बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) ब्रिटनमध्ये सैन्यभरतीला आलेले बरेच गरीब तरुण शारीरिक तपासणीत नापास झाले. ‘आपला वंशच खालावतोय का?’ अशी भीती पसरली. सरकारी समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला. दोष वंशाचा नव्हता. अपुरं अन्न, कोंदट घरं आणि गलिच्छ वस्त्या ही कारणं होती. पुढे १९०६ मध्ये गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ च्या कायद्याने शाळांत वैद्यकीय तपासणी आली.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले. त्याला ना साहित्य लागतं, ना फी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला, वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरवली. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडीत शिक्षणाबरोबर पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणीही आली.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत काय दिसतं? चाळीतलं मूल दिवसभर हुंदडतं, पण ताटात डाळ, अंडं, पालेभाजी कमी असते. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन घटतं, स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही आणि धाप लागते. टॉवरमधल्या मुलाचं ताट भरलेलं असतं, पण आई-बाबा लोकलमध्ये, मैदान लांब आणि हातात मोबाईल. न वापरलेलं हृदय आणि स्नायू कमजोरच राहतात. धाप दोघांनाही लागते, कारणं मात्र वेगळी.

म्हणून ‘घराणं’ म्हणून सोडून देऊ नका. धाप लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दमा किंवा हृदयाचा आजार नाही ना, हे पाहावं लागतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची आणि जंताची गोळी चुकवू नका. पाच वर्षांपुढच्या मुलाला रोज सरासरी तासभर तरी घाम येईल असं खेळू द्या.

आणि एक विनंती. सोसायटीच्या आवारात ‘खेळण्यास मनाई’ची पाटी असेल, तर ती काढा. तिथे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनाही खेळू द्या. अंगण सगळ्यांचं असलं, तरच दम सगळ्यांना येतो.