४०२३०१ आणि ४०२३०३
महाड व पोलादपूर (जि. रायगड) यांचे पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. दोन्ही संख्या विषम आणि संयुक्त आहेत. महाडची ४०२३०१ = ३७ × ८३ × १३१; विभाजक ८. यातला ३७ ओळखण्याची युक्ती देखणी आहे. ९९९ ला ३७ ने भाग जातो, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करावी: ४०२ + ३०१ = ७०३, म्हणजे ३७ × १९. पोलादपूरची ४०२३०३ = ३ × ११ × ७३ × १६७; विभाजक १६. शेजारी असूनही दोघींचा १ खेरीज सामाईक विभाजक नाही, त्या सहमूळ आहेत. टपाल खात्याला अर्थात याचे सोयरसुतक नाही; त्याच्या लेखी पहिला ४ विभाग दाखवतो, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय.