खामगावची तार आणि रोधाचा हिशेब

१८७० साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या हस्ते जलंब ते खामगाव हा अवघा आठ मैलांचा रेल्वेफाटा खुला झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे; बुलढाण्यात ते आले १९०५ च्या फेररचनेत. आठ मैलांसाठी व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, याचे कारण कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले भाव युद्ध संपताच कोसळले होते, आणि खामगावच्या बाजारात काय भाव फुटणार हे आता लिव्हरपुलात ठरू लागले होते. या फाट्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. पण रुळांच्या कडेने धावणाऱ्या तारेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे पाहिले नाही. आम्हांस ती तारच अधिक महत्त्वाची वाटते.

त्याच वर्षी सुएझ–एडन–मुंबई ही समुद्राखालची तार पुरी झाली. इराणच्या आखातातून जाणारी तार १८६५ पासून होतीच. परंतु तिने येणारा निरोप कित्येक दिवस घेई आणि वाटेतल्या हातांनी विटून येई. त्याही आधी, १८५९–६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तार अल्पावधीतच मुकी झाली. सुमारे आठ लाख पौंडांचे भांडवल बुडाले. आणि सरकारने हमी दिलेली असल्यामुळे न बोलणाऱ्या तारेचे हप्ते वर्षानुवर्षे भरले गेले. चौकशीत एक साधी गोष्ट पुढे आली. तार टाकणाऱ्यांजवळ तिची विद्युतीय गुणवत्ता मोजण्याचे सर्वमान्य मापच नव्हते!

वस्तुतः मापामागचा नियम तोवर तीन दशके जुना झाला होता. कोलोनच्या शाळेत शिकवणारा गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला: तारेच्या दोन टोकांमधील दाबाला तीतून वाहणाऱ्या प्रवाहाने भागले असता जी संख्या येते, ती त्या तारेपुरती (तापमान तेच असेल तर) कायम राहते. तीच रोध. त्याच्या देशात या ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले ते १८४१ मध्ये. इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिशला हेच नाते कित्येक वर्षे आधी गवसले होते. त्याच्याजवळ प्रवाहमापक नव्हता, म्हणून आपल्याच देहाला बसणाऱ्या झटक्याची तीव्रता तो ताडून पाही. पण त्याने ते छापले नाही. मॅक्सवेलने ते टिपण १८७९ मध्ये प्रसिद्ध केले.

हा भागाकार तारखात्याच्या कोणत्या कामाचा, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. मुंबईहून वऱ्हाडाकडे जाणारी तार मध्येच तुटली आणि तिचे टोक ओल्या जमिनीला टेकले. मुंबईच्या टोकाला २० व्होल्ट दाब लावला, प्रवाह भरला १० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभरावा भाग. २० ला ०.०१ ने भागा: रोध २००० ओहम. तारेचा रोध किलोमीटरमागे ८ ओहम असेल, तर बिघाड २५० किलोमीटरवर, म्हणजे मनमाडच्या किंचित अलीकडे. खुर्चीवरून न उठता! अर्थात टोक जमिनीला जिथे टेकते तिथलाही रोध या मापात मिसळतो. त्यावर तोड अशी, की दुसऱ्या टोकावरूनही मोजायचे: दोन्ही मापांची बेरीज अखंड तारेच्या रोधापेक्षा जितकी अधिक भरेल, तिचा निम्मा भाग जमिनीचा. आणि शक्ती? दाब गुणिले प्रवाह, म्हणजे अवघे ०.२ वॉट. एवढ्या क्षीण शक्तीवर बाजार हलत होते.

तांबड्या समुद्रातील फजितीनंतर, १८६१ मध्ये, ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यास समिती नेमली; १८६५ पासून प्रमाणित वेटोळी वाटली जाऊ लागली. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे रूढ झाली. वॉट सुचवले सीमेन्सने, १८८२ मध्ये. अमूर्त चिंतनातून नव्हे, तर बुडालेल्या पैशातून ही परिभाषा जन्मली, हे विज्ञानाच्या इतिहासकारांना ठाऊक असते. साहित्याच्या वर्गात मात्र परिभाषेला आपण अजून रुक्ष, जन्मरहित समजतो.

खुद्द शब्दच पाहा. धारा, प्रवाह, दाब: आपल्या मराठीतील ही सारी नावे पाण्याकडून आली आहेत. ओहमने मात्र आपले प्रारूप पाण्यावरून नव्हे, फूरिएच्या उष्णतावहनाच्या गणितावरून घेतले होते. म्हणजे जर्मन शिक्षकाच्या मनात उष्णता, आणि मराठी विद्यार्थ्याच्या मनात पाट. 'रोध' हा एकच शब्द या पाण्यात न भिजलेला. तो कोंडमाऱ्याचा, अडवणुकीचा आहे, आणि क्रमिक पुस्तकातल्या त्रिकोणी सूत्रात तो एवढा निमूट बसतो की त्याचे मूळ कुणाला जाणवत नाही.

खामगावच्या व्यापाऱ्याला भाव तारेने कळे. कापूस गाडीत भरून आणणाऱ्या कुणब्याला तो व्यापारी सांगे तेव्हा. तारेतल्या अडथळ्याचे माप १८६५ पासून वेटोळ्यात बंद करून मिळत होते. या दोघांमधल्या अंतराचे माप कोणत्याही समितीने ठरवले नाही.