खरड आणि गोडी : नाशिकच्या वेलीच्या दोन छाटण्या

नाशिकमध्ये बंगल्याच्या परसात शिराझ किंवा शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षांची वेल लावण्याची हौस आता बऱ्याच जणांना आहे. वेल जोमात वाढते, गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचते, पण घड धरत नाही. मालक खताला दोष देतो, पाण्याला देतो, नर्सरीला देतो. बहुतेक वेळा चूक वेगळीच असते. एप्रिलात कात्री चाललेली नसते.

द्राक्षवेल कडक हिवाळ्याच्या मुलखातली. फ्रान्समध्ये ती पानं गाळून झोपते. थंडी संपता संपता एकदा छाटली की वसंतात फुटते. आपल्याकडे तिला गाढ झोप लागेल एवढी थंडी नसते. मोकळी सोडली तर ती वर्षभर हिरवी राहते, शेंड्याकडे धावते आणि खालचे डोळे फुटतच नाहीत. पण ज्या उबेने अडचण केली तिनेच दख्खनला एक देणगीही दिली. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षं वर्षातून दोनदा पिकतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. नाशिकच्या जुन्या बागाइतदारांनाही हे दोन्ही बहार ठाऊक होते. पावसाळ्यातला आंबट, आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा गोड. तेव्हा लोखंडी अँगल आणि तारा नव्हत्या, वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवत.

मग आंबट बहारावर पाणी सोडलं गेलं. पावसात घड कुजतो, गोडी भरत नाही, आणि दोन पिकं घेऊन वेल थकते. पीक सोडलं तरी त्या वेळची छाटणी मात्र ठेवली, आणि माझ्या मते नाशिकच्या द्राक्षशेतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. दोन छाटण्या, एक पीक. हा कुणा एकाचा शोध म्हणता येत नाही. जिल्ह्यातल्या व्यापारी लागवडीचं श्रेय ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांना दिलं जातं, साल 1925. पुढे भोकरी ही जुनी जात मागे पडून थॉमसन सीडलेस आली आणि एप्रिलची छाटणी जीवनमरणाची झाली, कारण थॉमसनचे काडीच्या बुडाचे डोळे बहुतांशी वांझ. घडाचा डोळा कितवा हे ओळखूनच कात्री लावावी लागते. म्हणून आजही ऑक्टोबरच्या आधी बागाइतदार काड्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे डोळा चिरून भिंगाखाली पाहतात आणि आत सूक्ष्म घड आहे की नुसतं पान, ते सांगतात.

हा घड डोळ्यात बसतो तो खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत. भर उन्हाळ्यात ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखून सगळी काडी उतरवायची. पाहणाऱ्याला वेल मेलीच असं वाटतं. पंधरवड्यात फुटवे येतात. त्यांतले दाट झालेले काढून टाकायचे, कारण डोळ्यावर ऊन पडलं नाही तर त्यात घड तयार होत नाही. परसात नेमकी इथेच माया आडवी येते. सावलीसाठी वाढवलेला मांडव उघडाबोडका करायला मन धजत नाही.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वायनरी उभी केली आणि सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या फ्रेंच जाती नाशिकच्या मातीत आल्या. 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. रोपं परदेशी असली तरी पंचांग इथलंच लागू झालं. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या सुमाराला होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरच्या आसपास छाटलेल्या वेलीचे मणी थंड रात्री आणि कोरडं ऊन यांत पिकतात, त्यामुळे साखर चढताना आंबटपणा एकदम ढळत नाही. वाइनला दोन्ही लागतात. ज्या वेलीला हिवाळ्यात झोपायची सवय, तिला हिवाळ्यात पिकायला लावणं हे दोन छाटण्यांचंच काम आहे.

परसातल्या वेलीला एवढाच वेगळा नियम सांगेन, की बागेतली सगळी औषधं घरी आणू नका. ऑक्टोबरला डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागाइतदार काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, मुलंबाळं फिरतात तिथे नको. चार डोळे मागेपुढे फुटले तर फुटू द्या. पावसाळ्यात डाऊनी आणि करपा हे रोग येणारच. त्यांना बोर्डो मिश्रण पुरतं. मिलार्दे यांनी ते 1885 मध्ये फ्रान्समध्ये मांडलं आणि आपल्याकडे ते अजून चालतं. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. लोखंडी भांडं वापरू नका. आणि घरच्या द्राक्षांची वाइन करायचं मनात असेल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असली, तरी खायला गोडच असतात.

इंग्रजी पुस्तकांत जानेवारीत छाटा असं लिहिलेलं असतं. त्यांच्या हवेत ते बरोबर आहे. इथे जानेवारीत कात्री लावली तर मण्यांत साखर भरायच्या वेळी घडच कापून जातील. तेव्हा वेल परसात असो वा वीस एकरांत, एप्रिलमध्ये हात आखडता घेऊ नका.